जुना घाटरस्ता पायी आणि सायकलने पुन्हा चालता करायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंगराच्या कडेने जाणारा एक जुना, देखणा महामार्ग आहे. नवा बोगदा झाला, वाहतूक तिकडे वळली आणि हा रस्ता बरीच वर्षं तसाच पडून आहे. मध्ये दरड आली आहे, एका ठिकाणी दरीकडची बाजू खचली आहे, झाडोरा माजला आहे. त्याचा चालण्याचा आणि सायकलींचा मार्ग करायचा तर सुरुवात कुठून करावी? जुनं डांबर उखडावं का? आणि गाड्या जाणारच नाहीत म्हटल्यावर काम स्वस्तात होईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण अंदाज तिथेच चुकतात. अशा मार्गाचा खर्च किलोमीटरवर काढता येत नाही. बराचसा रस्ता नुसता झाडून, चर उपसून, फांद्या छाटून चालता होतो. जिथे दरड आहे, जिथे भिंत सुटली आहे, जिथे नव्या महामार्गाने जुना रस्ता गिळला आहे, अशा मोजक्या जागांवर बहुतेक पैसा जातो. 'प्रति किलोमीटर इतके' असं अंदाजपत्रक कोणी पुढे केलं, तर त्यांनी रस्ता पायी पाहिलेला नाही असं खुशाल समजा.

माझं सगळं म्हणणं एका क्रमात बसतं: आधी मालकी, मग पाणी, मग दरडी आणि भिंती, आणि सगळ्यात शेवटी पृष्ठभाग. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो. गुळगुळीत डांबराचे आणि रंगीत पट्ट्यांचे फोटो चांगले येतात, उपसलेल्या मोरीचा, म्हणजे रस्त्याखालून पाणी पार नेणाऱ्या नळाचा, फोटो कोणी छापत नाही. मग दोन पावसाळ्यांत नवं डांबर दरीत जातं आणि 'हा रस्ता होणारच नाही' असा शिक्का बसतो.

कामाला हात घालण्याआधी आपल्या हातात काय आहे ते ओळखायला हवं. जुन्या रस्त्याची खरी दौलत त्याच्या आखणीत असते. यासाठी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातला ऐतिहासिक कोलंबिया नदी महामार्ग पाहावा. सोडलेल्या देखण्या रस्त्याचा पुन्हा मार्ग करण्याचं इतकं चिकाटीचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. १९१३ ते १९२२ या काळात तो बांधला गेला. सॅम्युअल लँकेस्टर हे त्याचे अभियंता आणि सॅम हिल हे त्यामागचे उत्साही पाठीराखे. दोघेही १९०८ साली पॅरिसच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय रस्ते परिषदेला गेले होते आणि युरोपातले डोंगरी रस्ते पाहून आले होते. लँकेस्टर यांनी चढ ५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि वळणाची त्रिज्या १०० फुटांच्या खाली येऊ द्यायची नाही, असं बंधन घालून घेतलं. त्यासाठी क्राउन पॉइंटजवळ रस्त्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळसे दिले, पण चढ वाढू दिला नाही. रस्ता मुद्दाम धबधब्यांजवळून आणि कड्यांच्या टोकांवरून नेला.

पुढे गाड्या वेगवान झाल्या. नदीच्या काठाने सरळ, सपाट महामार्ग आला, १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो जवळपास पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्याचे तुकडे पडले. मोझियरजवळचे जोडबोगदे दगडमातीने भरून बंद केले. मिचेल पॉइंटचा पाच खिडक्यांचा बोगदा १९१५ सालचा. स्वित्झर्लंडमधल्या आक्सनश्ट्रासे या रस्त्याच्या खिडक्यांच्या बोगद्यावरून तो सुचला होता. १९६६ साली महामार्ग रुंद करताना तो सरळ उडवून दिला. मग १९८६ साली त्या खोऱ्याला राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्राचा कायदा लागू झाला आणि १९८७ साली राज्याने कायदाच केला की जुन्या रस्त्याचे उरलेले भाग जपायचे आणि जिथे गाड्या नेता येत नाहीत तिथे ते पायी आणि सायकलच्या मार्गाने जोडायचे. मोझियरचे बोगदे उपसून २००० साली खुले झाले. मिचेल पॉइंटला नवा, सुमारे ६५५ फूट लांबीचा बोगदा खोदला, त्यालाही पाच कमानी खिडक्या ठेवल्या आणि तो २०२५ साली खुला झाला. कायद्यापासून या बोगद्यापर्यंत अडतीस वर्षं गेली, हे लक्षात असू द्या.

यातून तुमच्या कामाची गोष्ट अशी. ५ टक्के म्हणजे वीसात एक. व्हीलचेअर हाताने ढकलत नेणाऱ्याला कठडे आणि मधले सपाट टप्पे नसतानाही झेपेल असा चढ म्हणून बहुतेक मानकं आज हीच मर्यादा धरतात. शंभर वर्षांपूर्वी दमेकरी इंजिनांच्या गाड्यांसाठी आखलेला रस्ता आज आजीआजोबांना, लहान मुलांच्या सायकलींना आणि व्हीलचेअरला आयता बसतो. नव्याने असा मार्ग डोंगरात कोरायचा म्हटलं तर परवानगीही मिळणार नाही आणि पैसाही पुरणार नाही. त्यामुळे पहिलं मोजमाप चढाचं करा. दर वीस-पंचवीस मीटरवर पातळी घ्या आणि ५ टक्क्यांच्या आतला भाग, ५ ते ८ टक्क्यांचा भाग आणि त्यावरचा भाग नकाशावर वेगळा दाखवा. मार्ग कोणाकोणाला वापरता येणार, ते या एका नकाशावरून ठरतं.

मालकीबद्दल थोडक्यात सांगतो, पण ती सोडू नका. वाहतूक वळली म्हणजे जागा मोकळी झाली असं नसतं. जुनी जमीन रस्त्यापुरती संपादित केली होती की फक्त वापराचा हक्क घेतला होता, हे कागदावर पाहावं लागतं. नुसता वापराचा हक्क असेल, तर रस्ता अधिकृतपणे 'बंद' जाहीर करताच जमीन शेजारच्या मालकांकडे परत जाण्याची शक्यता असते. म्हणून मार्गाचा निर्णय होईपर्यंत 'बंद' हा शब्द कुठल्याही ठरावात येऊ देऊ नका, 'वाहनांना मनाई' एवढंच येऊ द्या. रस्त्याखालून पाण्याची नळवाहिनी, वीज किंवा दूरसंचाराच्या तारा जात असतील तर त्या खात्यांना शोधा. त्यांना देखभालीसाठी गाडी न्यावीच लागते, त्यामुळे खर्चात ते चांगले भागीदार होऊ शकतात. आणि नुसती मालकी मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या टोलरस्त्याचा सुमारे १३ मैलांचा तुकडा आणि त्यातले दोन लांब बोगदे १९६८ साली वळणरस्ता (बायपास) झाल्यावर सुटले. २००१ साली ती जागा एका संवर्धन संस्थेला नाममात्र एका डॉलरला मिळाली, पण दुरुस्तीचा पैसा त्या कागदाबरोबर आला नाही. पुढे कितीतरी वर्षं लोक तिथे स्वतःच्या जबाबदारीवर, हातात दिवे घेऊन सायकली चालवत राहिले.

आता पाणी. सोडून दिलेला रस्ता वाहतुकीने मरत नाही, तो तुंबलेल्या मोरीने मरतो. डोंगराच्या बाजूचा चर पालापाचोळ्याने आणि दरडीच्या मातीने भरतो. चरातलं पाणी मोरीच्या तोंडाशी पोचत नाही, ते रस्त्यावर चढतं, आडवं वाहतं आणि दरीकडच्या साइडपट्टीवरून खाली पडतं. जिथे पडतं तिथला भराव धुऊन नेतं. वरून डांबर शाबूत दिसतं, खाली पोकळी झालेली असते. असा रस्ता गाडीखाली दबून आधीच इशारा देतो, पण गाड्या बंद असल्याने तो इशारा देणारं कोणी उरत नाही. नंतर एक दिवस मुरूम वाहून आणणारा डंपर त्यावर जातो आणि कडा खाली बसते.

म्हणून पाहणी भर पावसात करा. कोरड्या दिवसांतली पाहणी ही निम्मी पाहणी. छत्री, खडू आणि मोबाइल घेऊन चाला. पाणी चर सोडून रस्त्यावर कुठे चढतं तिथे खूण करा, रस्ता ओलांडून कुठे उतरतं तिथे खूण करा. प्रत्येक मोरीची दोन्ही तोंडं पाहा. वरच्या तोंडात पाणी शिरतंय आणि खालच्या तोंडातून तेवढं बाहेर पडत नाही, म्हणजे मधला नळ फुटला आहे आणि पाणी भरावात मुरतंय. असल्या मोरीला 'चालू आहे' म्हणून पुढे गेलात तर सगळं काम वाया. पाहणीनंतर त्याच हंगामात चर आणि मोऱ्या उपसून घ्या, निधी मंजूर होण्याची वाट पाहू नका. हे काम कुदळ-फावड्याचं आहे, स्वयंसेवकांनाही जमतं, फक्त दरडीखाली आणि मोरीच्या आत त्यांना उतरू देऊ नका. जुन्या मोऱ्यांचे व्यास आजच्या पावसाला पुरतात का हा प्रश्न नंतर येतोच. बऱ्याचदा पुरत नाहीत. तिथे मोठा नळ टाकण्याऐवजी रस्त्यालाच दगडी फरसबंदीची, थोडी खोलगट आडवी पट्टी देता येते, म्हणजे मोठ्या पावसात पाणी ठरलेल्या जागेवरून, काही न उखडता पार होतं. गाड्यांच्या रस्त्यावर ही सोय त्रासाची असते, चालणाऱ्याला आणि हळू जाणाऱ्या सायकलला ती चालते.

खचलेल्या कडेचं निदान करताना भेगांचा आकार बघा. रस्त्याच्या आडव्या दिशेने, ठरावीक अंतरावर असलेल्या भेगा बहुधा उन्हाथंडीच्या असतात. त्यांची काळजी नको. दरीकडच्या बाजूला धनुष्यासारखी वाकलेली भेग, जिची दोन्ही टोकं दरीकडे वळलेली आहेत, ती मात्र खालचा भराव सरकत असल्याची खूण. त्या भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून त्यांच्यातलं अंतर एक पूर्ण पावसाळा दर आठवड्याला मोजा आणि शेजारी त्या आठवड्याचा पाऊस लिहा. एका कामावर अशी वही ठेवली, तेव्हा दिसलं की भेग पावसाच्या दिवशी हलतच नव्हती, ती जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवसांनी उघडत होती. म्हणजे वरून पडणाऱ्या पाण्याचा दोष नव्हता, डोंगरातून झिरपत येणारं पाणी भरावाच्या पोटात साचत होतं. तिथे आधारभिंत बांधण्याचा महागडा प्रस्ताव बाजूला ठेवला आणि डोंगराच्या बाजूने खडीचा खोल चर घेऊन, सच्छिद्र नळ टाकून ते पाणी आधीच बाहेर काढलं. पुढच्या पावसाळ्यात खिळ्यांमधलं अंतर वाढलं नाही. ही वही ठेवायला एक माणूस आणि एक मोजपट्टी लागते, आणि तिने वाचवलेला पैसा सगळ्या मार्गाच्या फरशीला पुरतो.

जुन्या भिंतींचंही तेच. कोरड्या दगडी बांधणीच्या भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही, आणि हीच तिची ताकद. मागचं पाणी दगडांच्या फटींतून निघून जातं. 'भिंत मोकळी दिसते' म्हणून त्या फटी सिमेंटने भरल्या की पाणी मागे साचतं आणि शंभर वर्षं उभी असलेली भिंत पोट काढते. कोरडी भिंत कोरडीच दुरुस्त करा: ढासळलेला भाग खालपर्यंत उतरवा, दगडांना नंबर घाला, तळ नीट करून त्याच दगडांनी परत रचा, मागे खडी भरा. चुन्यातली भिंत असेल तर दगडांमधल्या दरजा चुन्यानेच भरा आणि निचऱ्याची छिद्रं मोकळी करा. भिंतीत उगवलेलं झाड उपटू नका, मुळांबरोबर निम्मी भिंत हातात येईल. खोड कापा, खुंट मरू द्या, मुळं जागेवर राहू द्या. हे काम करणारे गवंडी आता कमी आहेत, ते सापडले तर निविदेचं वेळापत्रक त्यांच्या सोयीने लावा.

दरडींबद्दल एक गोष्ट रस्त्यांच्या अभियंत्यांनाही समजावून सांगावी लागते. 'गाड्या बंद झाल्या, धोका कमी झाला' हे खरं नाही. सैल दगडांच्या २०० मीटर लांब कड्याखालून ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी १२ सेकंदांत पार होते. ताशी ४ किलोमीटरने चालणारा माणूस तिथे ३ मिनिटं असतो, आणि डोक्यावर पत्राही नसतो. तो थांबतो, फोटो काढतो, मुलांना पाणी देतो, कारण कड्याखाली सावली असते. एका माणसाला असलेला धोका वाढलाच आहे. म्हणून गाड्यांच्या काळातला दरडींचा जुना अहवाल जसाच्या तसा वापरू नका, नवा करून घ्या.

उपाय ठरलेल्या क्रमाने येतात. सैल दगड पाडून घेणं, मोठ्या ठोकळ्यांना बोल्ट, लहान दगडांसाठी जाळी, आणि कड्याच्या पायथ्याशी दगड झेलणारा रुंद चर. इथे जुन्या महामार्गाची रुंदी कामी येते. दोन मार्गिकांपैकी डोंगराकडची मार्गिका दगडांना देऊन टाका, तिथे चर आणि मातीचा बांध करा, आणि माणसं दरीकडच्या मार्गिकेवरून न्या. गाड्यांसाठी हे कधीच करता आलं नसतं. तुम्हाला ते फुकटात मिळतं. एवढ्यानेही भागत नसेल तिथेच छत बांधायचं. मोझियरच्या बोगद्यांच्या तोंडाशी असं दणकट छत बांधलं आहे, वरून मोठा धोंडा पडला तरी झेलेल असं. ते महाग आहे, पण त्याशिवाय तो सबंध टप्पा उघडताच आला नसता. थांबण्याच्या जागा, बाकं, माहितीफलक हे सगळं दरडीच्या पट्ट्याच्या बाहेर ठेवा, आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना 'इथे थांबू नका' एवढाच फलक लावा.

काही जागा दुरुस्त करू नयेत, हेही सांगायला हवं. इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये मॅम टॉर नावाची टेकडी आहे. तिच्या जुन्या सरकत्या दरडीवरून ए६२५ हा रस्ता जायचा. वर्षानुवर्षं तो खचायचा, त्यावर पुन्हा डांबर टाकायचे, तो पुन्हा खचायचा. १९७९ साली तो कायमचा बंद केला. आज तिथे चालत गेलात तर तुटलेल्या रस्त्याच्या कडेला एकावर एक चढवलेले डांबराचे थर उघडे दिसतात, आणि लोक ते पाहायलाच जातात. आख्खा डोंगर सरकत असेल तिथे पक्कं काहीही बांधू नका. खडीची साधी वाट ठेवा, दरवर्षी ती सरकली तर दरवर्षी सरळ करा. सायकलस्वाराला तेवढ्या टप्प्यात उतरून चालायला सांगण्यात काही कमीपणा नाही.

याच्या उलट, कॅलिफोर्नियातला डेव्हिल्स स्लाइडचा मार्ग. समुद्राच्या कड्यावरून जाणारा हायवे १चा हा तुकडा दरडींमुळे वारंवार बंद पडायचा, १९९५ आणि २००६ साली तर काही महिने बंद राहिला. डोंगरावरून नवा रस्ता काढावा की बोगदा, यावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि १९९६ साली तिथल्या मतदारांनी बोगद्याच्या बाजूने कौल दिला. बोगदे मार्च २०१३ मध्ये सुरू झाले आणि जुना १.३ मैलांचा तुकडा बरोबर एका वर्षाने, मार्च २०१४ मध्ये, चालण्याचा आणि सायकलींचा मार्ग म्हणून खुला झाला. एक वर्ष इतकंच लागलं, कारण रस्ता मध्ये पडून राहू दिला नाही. तुमचा रस्ता बरीच वर्षं पडून आहे, तेव्हा ती संधी गेली. पण तुमच्या भागात दुसरा कुठला रस्ता आज वळणरस्त्यामुळे सुटणार असेल, तर त्याचं हस्तांतर नव्या रस्त्याच्या मूळ कंत्राटातच लिहून घ्या.

आता तुमचा डांबराचा प्रश्न. उखडू नका, निदान लगेच नको. जुन्या डांबराखाली खडीचा जो दाबून बसलेला थर आहे तो अवजड वाहतुकीने पक्का झालेला असतो आणि चालणाऱ्यांना तो कित्येक पटींनी जास्तच आहे. मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या असतील तेवढे तुकडे कापून नवे भरा, झाडांच्या मुळांनी उचललेले पट्टे सपाट करा, बाकी राहू द्या. मशीनने खरवडण्याचा विचार असेल तर आधी नमुना तपासा. जुन्या रस्त्यांच्या खालच्या थरांत कधीकधी खनिज तेलाच्या डांबराऐवजी कोळशाचं डांबर निघतं. त्यात कर्करोगकारक द्रव्यं असतात. ते न हलवता वर नवा थर देऊन झाकणं हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग असतो. उकरलंत तर त्याची विल्हेवाट हा वेगळाच, महागडा प्रकल्प होऊन बसतो.

रुंदी सगळी वापरू नका. मिश्र मार्गाला ३ ते ४ मीटर पुष्कळ झाले, रुग्णवाहिका जाईल इतके. उरलेल्या रुंदीत चर, दगड झेलण्याची जागा, गवत. पण जुन्या रस्त्याची कड, मैलाचे दगड, मूळचे कठडे झाकले जाणार नाहीत असं बघा. माणसाला आपण एका जुन्या, मोठ्या रस्त्यावरून चाललो आहोत हे कळलं पाहिजे, नाहीतर हा मार्ग आणि कुठल्याही बागेतली वाट यात फरक राहत नाही.

कठड्यांशी मात्र वाद होतो. जुने दगडी कठडे गाड्यांच्या चाकांसाठी बांधलेले, साधारण कमरेच्या खालीच. सायकलवर बसलेल्या माणसाचा तोल बराच वर असतो, त्याला १.२ मीटर तरी आडोसा हवा, खोल दरी असेल तिथे १.४. जुना कठडा उंच करायला त्यावर सिमेंटचा थर चढवणं हा गुन्हाच म्हणेन मी. त्याच्या आतल्या बाजूला, त्याला न टेकता, बारीक लोखंडी गज उभे करा आणि वर तारा ताणा. दरी दिसते, कठडा दिसतो, आणि उद्या काढायचं म्हटलं तर दगडाला ओरखडाही नसतो. जिथे दरी सौम्य आहे तिथे मार्गच कठड्यापासून दीड-दोन मीटर आत घ्या, कठड्याला हात लावण्याची गरज राहत नाही.

दृश्यांचंही काम असतं, ते कोणी अंदाजपत्रकात धरत नाही. देखण्या रस्त्याची वळणं कुठेतरी नदी, कुठेतरी धबधबा दिसावा म्हणून घेतलेली असतात. पन्नास वर्षांच्या झाडोऱ्याने त्या खिडक्या बुजतात. जुने फोटो, जुनी पोस्टकार्डं शोधा, फोटो कुठून काढला ती जागा सापडवा, आणि तेवढ्याच चौकटीतल्या फांद्या वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या माणसाला विचारून छाटा. सरसकट तोड केलीत तर दोन वर्षांत तण माजतं आणि उतार मोकळा होतो.

बोगदा असेल तर वायुवीजनाची चिंता नको, ती इंजिनांसाठी होती. चिंता गळणाऱ्या पाण्याची, अंधाराची आणि वटवाघळांची. लांब बोगद्यात दिवे हवेतच, पण त्याआधी वटवाघळांची वसाहत आहे का आणि ती कोणत्या ऋतूत असते हे तज्ज्ञाकडून पाहून घ्या, काही महिने बोगदा बंद ठेवावा लागला तरी चालेल. आणि भिंतींवरची जुनी अक्षरं घासून काढू नका. मोझियरच्या बोगद्यात १९२१च्या नोव्हेंबरमध्ये हिमवादळात अडकलेल्या दोन प्रवाशांनी आपली नावं आणि तारखा खडकात कोरून ठेवल्या आहेत. आज लोक त्या बोगद्यात मुद्दाम त्या ओळींसाठी थांबतात. साफसफाईच्या कंत्राटात 'सर्व लिखाण पुसणे' अशी ओळ असती तर त्याही गेल्या असत्या.

नव्या महामार्गाने गिळलेले तुकडे हे सगळ्यात अवघड. तिथे तीन पर्याय: महामार्गाला लागून, भक्कम अडथळ्यामागे वेगळी पट्टी, डोंगरावरून नवी वाट, किंवा पूल-बोगदा. पहिला स्वस्त, पण आवाजाने माणूस हैराण होतो, तेव्हा तो लांबीला कमीत कमी ठेवा. दुसऱ्यात चढ ५ टक्क्यांत बसत नाही. कोलंबियाच्या मार्गावर ईगल क्रीकजवळ एका ठिकाणी चक्क जिना आहे, सायकल ढकलायला कडेने पन्हळ दिलेली. धडधाकट माणसाला ते चालतं. सामान लादलेली सायकल घेऊन जाणाऱ्याला जड जातं आणि व्हीलचेअरचा प्रवास तिथेच संपतो. जिना करावाच लागला तर तो तात्पुरता आहे असं ठरावात लिहा, नाहीतर तो कायमचा होतो.

वापरणाऱ्यांमध्ये भांडणं उताराला होतात. ५ टक्क्यांच्या लांब उतारावर सायकल पायडल न मारता ताशी ३० किलोमीटरच्या वर जाते, आणि जुन्या रस्त्याची वळणं आंधळी असतात. नुसत्या सूचनाफलकाने वेग कमी होत नाही. वळणाआधी पृष्ठभाग बदला, थोडी खडबडीत दगडी पट्टी द्या, वळणाच्या आतल्या बाजूची झुडपं कमी ठेवा म्हणजे समोरचं दिसेल. टोकांना गाड्या अडवायला खांब लावाल, तेव्हा दोन खांबांत दीड मीटर जागा ठेवा, खांब उजळ रंगाचे आणि काढता येणारे असू द्या. अंधुक उजेडात न दिसणारा करडा खांब सायकलस्वाराला दरडीइतकाच घातक असतो. आणि दोन्ही टोकांना गाड्या कुठे लागणार हे उद्घाटनाआधी ठरवा. डेव्हिल्स स्लाइडला दोन्ही टोकांची जागा इतकी मोजकी आहे की सुट्टीच्या दिवशी ती सकाळीच भरते. बस थांबा मिळत असेल तर वाहनतळाआधी तो मागा.

देखभालीचा पैसा बांधकामाच्या पैशापासून वेगळा, आणि दरवर्षीचा हवा. बांधणारं खातं आणि सांभाळणारं खातं वेगळं असलं तरी चालतं. ऑरेगनमध्ये बांधकाम परिवहन खात्याकडे आणि मार्गाचा रोजचा सांभाळ उद्यान खात्याकडे आहे. फक्त कोणी काय करायचं हे मोरीमोरीपर्यंत लिहिलेलं असावं: पावसाआधी चर कोण उपसणार, दरड आली तर मार्ग बंद करण्याचा अधिकार कोणाला, आणि पुन्हा उघडण्यापूर्वी कडा कोण पाहणार. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर करारात नसेल तर मार्ग एकदा बंद झाला की उघडायला कोणी सही करत नाही.

पहिला टप्पा निवडताना सगळ्यात सोपा घेऊ नका आणि सगळ्यात अवघडही नको. दोन्ही टोकांना पोचता येईल, मध्ये एक तरी विलक्षण जागा असेल आणि अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल असा तुकडा घ्या. खचलेली कडा त्यात नको, तिची वही आधी एक पावसाळा भरू द्या. दरड त्यात असली तर चालेल, पण दगड पाडणं आणि चर ही दोन कामं होईपर्यंत लोकांना अडवणारी साखळी काढू नका. आणि या वर्षीचा पाऊस सुरू व्हायच्या आधी, निधी असो वा नसो, मोऱ्यांची तोंडं मोकळी करून घ्या.